मेजापर्यंत किती पोचतं

हेर्सविक, ५ सप्टेंबर २०२२

प्रिय गुन्नेल,

तुझं टाइप केलेलं पत्र मिळालं. पाकीट फोडल्यावर वाटलं, करखात्याची नोटीस आली. मी सात वर्षांचा असताना बहिऱ्यांच्या शाळेच्या वसतिगृहात तू पहिलं पत्र लिहिलंस, तेव्हापासून पन्नास वर्षं तुझं तिरकं अक्षर वाचतोय. आता अचानक यंत्र? निवृत्त झालीस तरी हॉस्पिटलचं ऑफिस अंगातून गेलं नाही वाटतं!

गावची बातमी अशी. काल घंटीऐवजी लावलेला दारावरचा दिवा लुकलुकला, उघडलं तर रोलांड उभा. मी बहिरा आहे हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत, तरी तो माझ्याशी बोलताना ओरडतोच. मला त्याचं ओरडणं नाही, नुसते दात दिसतात. शेवटी त्याने फोनवर टाइप करून दाखवलं: "वीस तारखेपासून फायबरचा वेग दहापट. शंभराचे हजार मेगाबिट. जातानाही, येतानाही. भाडं तेवढंच."

नऊ वर्षांपूर्वी आम्ही गावकऱ्यांनी स्वतःच्या फावड्यांनी त्या तारेसाठी चर खणला होता. माझ्या कंबरेला अजून आठवतंय ते. रोलांड गावच्या फायबर संघाचा अध्यक्ष, त्यामुळे तो असा हसत होता की जणू हजार मेगाबिट त्याने स्वतःच्या गोठ्यात पाळले आहेत.

पण तो म्हणतो, माझा राउटर म्हातारा झालाय, नवा घ्यावा लागेल. तेव्हा मी नवा घेणार आहे. चांगला. रविवारी चार वाजता आपण बोलतो तेव्हा तू मला नुसत्या चौकोनी ठिपक्यांची दिसतेस, आणि हल्ली तर खिडकीकडे पाठ करून बसतेस. बहिऱ्याशी बोलताना उजेडाकडे तोंड करून बसायचं, हे तूच सगळ्या नातेवाइकांना शिकवायचीस ना?

तुझा
स्टेलान


गोथेनबर्ग, १२ सप्टेंबर

स्टेलान,

हजार कशाला हवेत तुला? आइस हॉकी बघायला शंभर पुरतात. माझ्याकडे शंभरच आहेत आणि माझं काही अडलेलं नाही.

तरी घ्यायचाच असेल तर तू दुकानात जाऊ नकोस. तिथली पोरं भराभरा बोलतात, तोंड दुसरीकडे करून, आणि तू मान डोलावून भलतंच काहीतरी घेऊन येशील. कपडे धुण्याच्या यंत्राच्या वेळी काय झालं ते आठव. मीच एक घेऊन पोस्टाने पाठवते. पैशाचं नाव काढू नकोस, वाढदिवसाची भेट समज.

येत्या रविवारी बोलता येणार नाही, चर्चच्या गानवृंदाची तालीम आहे. त्याच्या पुढच्याही रविवारी.

टाइप करते कारण सोपं पडतं. माणूस काळाबरोबर चालतो.

गुन्नेल


हेर्सविक, २६ सप्टेंबर

प्रिय गुन्नेल,

भेट पोचली. चार अँटेना, खोक्यावर हाताएवढ्या अक्षरात "१२००". मनापासून आभार. आता तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक मी लपवली होती आणि दुसरी तुला आवडणार नाही.

लपवलेली आधी. मला हॉकीसाठी वेग नको होता. फर्निचरचा कारखाना बंद झाल्यापासून मी काय करतोय असं तू दर पत्रात विचारतेस, आणि मी "ठीक चाललंय" लिहितो. खरं सांगायचं तर मी अभ्यास करत होतो. ज्या ऐकणाऱ्या आईबापांना बहिरं मूल झालंय, त्यांना खुणांची भाषा शिकवणारी एक संस्था आहे. दूर उत्तरेत, जिथे जवळपास एकही बहिरा माणूस नाही, तिथल्या लोकांना पडद्यावरून शिकवायचं. त्यांना शिक्षक बहिराच हवा होता. साठ जणांनी अर्ज केला, चार उरले, त्यातला एक मी!

त्यांची एकच अट आहे: शिक्षक ज्या मेजापाशी बसतो तिथे वेग मोजायचा, जाताना आणि येताना किमान दोनशे. दोन कॅमेरे असतात, एक समोरून, एक बाजूने, कारण हाताची खूण सपाट नसते. चित्र अडखळलं की वाक्य मोडतं.

बावीस तारखेला चाचणी झाली. तुझा राउटर लावून, केस विंचरून, निळा सदरा घालून बसलो. समोर उत्तरेचं एक जोडपं, तुवा आणि यॉन. त्यांची धाकटी मेर्ता अडीच वर्षांची आहे, बहिरी. मी सुरुवात केली. पडद्यावर माझा हात "घर" या खुणेत गोठला, आणि सुटला तोवर मी शाळेत पोचलो होतो. मधली आई, बाप, सकाळ, दूध सगळं हवेत गेलं. तुवा वहीत लिहून घ्यायचा प्रयत्न करत होती. बिचारीने काय लिहिलं असेल देव जाणे.

मेजापाशी वेग भरला अकरा. हजारांतले अकरा!

मी हातपाय गाळून बसलो नाही. राउटरला संगणक तारेने थेट जोडला. चौऱ्याण्णव. म्हणजे तिथेच नऊशे गायब, आणि मेजापर्यंत येता येता उरलेलेही. मग भिंग घेऊन खोक्याची मागची बाजू वाचली. गुन्नेल, त्या बाराशेचा आणि बाहेरून येणाऱ्या तारेचा काही संबंध नाही. तार ज्या भोकात घुसते ते भोकच शंभराचं आहे. दारच अर्ध्या इंचाचं असलं तर कपाट कितीही मोठं असो, त्यात काय ठेवणार?

तुझा दोष नाही, खोक्यावर हे मुंगीच्या अक्षरात लिहिलंय. संस्थेने दुसरी संधी दिली आहे, वीस ऑक्टोबरला. या वेळी राउटर मी निवडणार.

स्टेलान


गोथेनबर्ग, ३ ऑक्टोबर

स्टेलान,

तू नोकरीसाठी अर्ज केलास, परीक्षा दिल्यास, साठांतून चौघांत आलास, आणि मला आज कळतंय. मी नऊ वर्षांची असताना दंतवैद्य काय म्हणतो ते तुला सांगायला शाळा बुडवून जात होते, आणि आता मला बातमी राउटरच्या ओघात मिळते.

तरी अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? शेजारच्या बाईला जिन्यात थांबवून सांगितलं.

दुकानात रोलांडला तरी बरोबर ने. मी आले असते, पण सध्या प्रवास जमणार नाही. कारण विचारू नकोस.

आणि एवढ्या स्पष्ट चित्राचं वेड कशाला घेतोस? दोनशे म्हणतात ना, मग दोनशेवरच थांब.

गुन्नेल


हेर्सविक, ११ ऑक्टोबर

प्रिय गुन्नेल,

रोलांड मूस हरणांच्या शिकारीला जंगलात गेलाय, तेव्हा काल्मारला एकटाच गेलो. आणि ऐक, मजा आली!

दुकानातल्या पोराने माझ्याकडे बघितलं आणि बोलायला लागला, शेल्फकडे तोंड करून. मी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली, कानाकडे बोट दाखवलं, आणि वही काढली. पहिलं पान घरूनच लिहून नेलं होतं: "मी बहिरा आहे. घाई नाही. पैसे आहेत. मला उल्लू बनवू नकोस."

पोरगा हसला आणि लिहायला लागला. आधी त्याने आठ अँटेनांचा, लाल दिव्यांचा, पाठीवर उलटा पडलेल्या कोळ्यासारखा एक राउटर दाखवला. चार हजार क्रोनर. मी लिहिलं, "हा चावतो का?"

"खेळणाऱ्यांसाठी आहे."

"मी खेळत नाही. बाहेरची तार येते ते भोक हजाराचं आहे का, आणि आत संगणकाला तार जाते ती भोकंही हजाराचीच का, एवढं सांग."

त्याने कोळी परत ठेवला आणि खालच्या फळीवरून एक साधा पांढरा डबा काढला, पावावर लोणी लावायच्या डब्यासारखा. लिहिलं, "मग हा पुरे. सगळी भोकं हजाराची. बाराशे क्रोनर."

"आणि खोक्यावरचा हा मोठा आकडा?"

"तो हवेतल्या, म्हणजे वायफायच्या, दोन्ही पट्ट्यांची बेरीज आहे. एका वेळी तेवढा कुणालाच मिळत नाही. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं."

"तुझं घर कसं आहे?" हे मात्र त्याने आपणहून विचारलं, आणि मला तो पोरगा आवडला. मी आपल्या घराचा नकाशा काढला: तार येते ती पुढच्या दाराशी, माझं मेज मागच्या खोलीत, आणि मधे आजोबांनी बांधलेली दगडी चूल धुराड्यासकट, दीड हात जाड. त्याने चुलीवर फुली मारली. "कुठलाही राउटर घ्या, हवेतून ही भिंत कुणी ओलांडणार नाही. तार टाका."

तार टाका! चाळीस वर्षं मी लाकडाला खाचा पाडल्या आहेत. वीस मीटर तार आणली, भिंतीच्या पायथ्याची पट्टी काढली, मागून खाच पाडली, तार आत बसवली, पट्टी परत ठोकली. आता शोधूनही दिसणार नाही. चुलीला वळसा घालून तार थेट मेजाच्या पायाशी येते.

मोजलं. येताना नऊशे एकतीस, जाताना नऊशे अठ्ठावीस. मेजापाशी! खुर्चीवरून उठून मी स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या आणि डब्यातला शेवटचा वेलदोड्याचा पाव उभ्याउभ्या खाल्ला.

आता चाचणीच्या आधी एकदा तालीम हवी. सोळा तारखेचा रविवार, चार वाजता. गानवृंदाला सुट्टी दे. तू गेल्या महिन्यात एकदाही भेटली नाहीस.

स्टेलान


हेर्सविक, १७ ऑक्टोबर

गुन्नेल,

काल तू तीन मिनिटांत कॅमेरा बंद केलास आणि "लाइन गेली" असा निरोप पाठवलास. लाइन गेली नव्हती. मला तुझ्या पाठीमागच्या पडद्यावरची शिवण दिसत होती.

तुझा उजवा हात थरथरतो. तू तो डाव्या हाताखाली दाबून धरला होतास आणि एका हाताने बोलत होतीस. मी आधी म्हटलं, नव्या राउटरचं चित्र हलतंय. मग बघितलं तर तुझा कप स्थिर, टेबल स्थिर, पडदा स्थिर.

मी भांडणार नाही. फक्त लिही. टाइप केलंस तरी चालेल.

स्टेलान


गोथेनबर्ग, २५ ऑक्टोबर

स्टेलान,

हे पत्र तीन वेळा सुरू केलं.

पार्किन्सन आहे. एप्रिलमध्ये कळलं. सुरुवातीचा आहे, गोळ्या लागू पडतात, डॉक्टरीण समंजस आहे. मी चालते, स्वयंपाक करते, गाते. तालमीचं खोटं नव्हतं, फक्त ती रविवारी नसते.

लिहिलं की अक्षर मुंगीएवढं होतं आणि ओळ उतारावरून घसरते, म्हणून टाइप. तेही सोसलं. पण तुझ्याशी मी हातांनी बोलते. घरात तुझ्याशी नीट बोलणारी मी एकटी होते. आईबाबा जेवताना हसायचे, तू विचारायचास "काय झालं?", आणि तेव्हाही कधीकधी मी कंटाळून सांगायचे, "नंतर सांगते." ते नंतर कितीदा आलंच नाही, मला माहीत आहे. आणि आता हात तोतरे झाले. एखाद्या रविवारी तू मान डोलावशील, न कळता, जशी तू बाबांसमोर डोलवायचास, याची मला भीती वाटत होती. ठिपके बरे होते. चित्र वाईट आहे म्हणून कळलं नाही, असं तरी म्हणता यायचं.

आता खरं वाईट सांगते. राउटर घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "वेग किती हवा?" मी म्हटलं, "फार नको." तो म्हणाला, "मग हा घ्या, पण हजाराच्या लाइनला हा कमी पडेल." मला माहीत होतं, स्टेलान. मी तरी घेतला. नोकरीचं मला माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने बोलण्यासारखं आहे.

चाचणीचं काय झालं?

गुन्नेल


हेर्सविक, ६ नोव्हेंबर

प्रिय गुन्नेल,

राउटरवरून एक तासभर रागावलो होतो. लाकडं फोडली. मग राग संपला आणि लाकडं मात्र हिवाळाभर पुरतील एवढी झाली. तुझा राउटर रोलांडने कोंबड्यांच्या खुराड्यातल्या कॅमेऱ्याला लावलाय, तिथे तो अगदी खूश आहे.

आता तुझा हात. बहिऱ्यांच्या क्लबात आमच्याकडे एक म्हातारा शिंपी यायचा. त्याचे दोन्ही हात पानांसारखे हलायचे, आणि क्लबातला सगळ्यात भारी गोष्ट सांगणारा तोच होता. आम्ही त्याच्या हाताकडे नाही, त्याच्याकडे बघायचो. घोगऱ्या आवाजाच्या माणसाचं तुम्ही ऐकता ना? तेवढंच. तुझ्यासमोर मी मान डोलावणार नाही. कळलं नाही तर "परत सांग" म्हणेन, आणि तू परत सांगशील. त्या तीन मिनिटांतलं मला सगळं कळलं होतं, फक्त "लाइन गेली" पटलं नाही.

चाचणी पास! नोकरी माझी. कालचा पहिला खरा तास तुला सांगायलाच हवा.

तुवा आणि यॉन पडद्याच्या अगदी जवळ बसले होते, स्वतःच्या बोटांकडे बघत. मी "दिवा" शिकवत होतो. मूठ वर न्यायची आणि खाली बोटं उघडायची, उजेड पडतो तशी. यॉन ट्रक चालवतो, त्याची बोटं खिळ्यांसारखी ताठ. बायको त्याला हसत होती. आणि त्यांच्या पाठीमागे, खोलीच्या पार टोकाला, जमिनीवर मेर्ता बसली होती. तिने छताकडे बघितलं. मूठ वर केली आणि बोटं उघडली.

पुन्हा केली. पुन्हा.

आईबाप वहीत बघत होते. मी दोन्ही हात वर करून वेड्यासारखे हलवले, मागे बघा, मागे! त्यांना वाटलं, खूण चुकली. दुरुस्त करायला लागले! शेवटी मी कागदावर हे मोठ्ठं "मागे" लिहून कॅमेऱ्याला चिकटवलं. तुवा वळली. पोरीने आईकडे बघून चौथ्यांदा दिवा लावला, आणि तुवा जमिनीवरच बसली.

जुन्या राउटरवर मला ती पोर दिसलीच नसती, भिंतीचा एखादा ठिपका वाटली असती.

नंतर तुवाने विचारलं, बहिऱ्या माणसाच्या ऐकणाऱ्या बहिणीशी बोलता येईल का? मेर्ताला मोठी बहीण आहे, इडुन, नऊ वर्षांची. तिच्याबद्दल त्यांना काळजी वाटते. मी म्हटलं, माझी बहीण आहे, पण तिचे हात थरथरतात. तुवाने मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं, "आमचेही थरथरतात."

वीस तारखेला, चार वाजता. उजेडाकडे तोंड करून बस.

स्टेलान


गोथेनबर्ग, २२ नोव्हेंबर

लाडक्या स्टेलान,

परवा पडद्यावर आम्ही बोलत असताना तू कॉफी आणायला म्हणून उठून गेलास आणि पंधरा मिनिटं आलाच नाहीस. मुद्दाम गेलास हे मला कळलं. तेव्हा त्या पंधरा मिनिटांत काय झालं ते सांगते, नंतरवर ढकलत नाही.

आधी तुवा इकडचंतिकडचं विचारत होती. मग यॉन एकदम तोंडाने बोलला, खाली बघत, "लहानपणी तुम्हाला भावाचा राग यायचा का?"

मी तोंडाने उत्तर देऊ शकले असते. पण हात वर घेतले. उजवा हलत होता, हलू दिला. मी म्हटलं, हो, यायचा. रोज. भावाचा नाही, पण तो शेजारी असायचा म्हणून त्याच्यावरच निघायचा. दुकानात मी, दवाखान्यात मी, जेवणाच्या टेबलावर मी. मैत्रिणी नदीवर जायच्या आणि मी दंतवैद्याकडे. आईबाबा वाईट नव्हते. खुणा शिकायला उद्या, परवा म्हणत राहिले, आणि मी होतेच ना घरात. आईबाबा आणि भाऊ, तिघांना वाटत होतं की काम चाललंय. चालत नव्हतं, मी चालवत होते.

बरंचसं त्यांना कळलं नाही, तेवढं तोंडानेही सांगितलं.

तेवढ्यात मेर्ता येऊन यॉनची बाही ओढायला लागली. तिला काहीतरी हवं होतं, बोटं नाचवत होती. यॉनने सवयीने दाराकडे बघून हाक मारली, "इडुन, ये जरा, ही काय म्हणतेय बघ!"

ती आली, एका पायात बूट, हातात दुसरा. बाहेर बर्फ पडलं होतं, अंगणात मुलं जमलेली असणार. दारात उभी राहून ती बापाकडे बघत होती.

यॉन तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. आणि खुर्चीवरून उतरून मेर्तासमोर गुडघ्यांवर बसला, आपली खिळ्यांसारखी बोटं वर घेऊन.

"तू जा खेळायला," तो इडुनला म्हणाला. "मीच विचारतो तिला."

दुसरा बूट तिने धावताधावताच चढवला.

गुन्नेल